घोडेवाल्यांचा राहिलेला भाग

गुरुनाथ, तुझ्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, आणि नदीवर जमलेलं सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं.

म्हणजे मेल्यावरसुद्धा तू मला सुखानं बसू देणार नाहीस. पिंड ठेवून बराच वेळ झाला होता. ऊन चढलं होतं. समोरच्या करंजावर दोन कावळे पंख साफ करत बसले होते आणि खाली भाताकडं ढुंकून बघत नव्हते. जावई म्हणाला, आईंना आमी सांभाळू. तुझा भाऊ म्हणाला, बांधाचं भांडण मिटवतो. ते तो ह्या जन्मात मिटवणार नाही हे कावळ्यांनाही कळलं असावं. शेवटी सुमनवहिनीनं पदरानं तोंड पुसलं आणि सरळ माझ्याकडं वळून म्हणाली, "मधुभावजी, तुमी बोला. तुमच्यासाठीच थांबलेत ते."

त्यावर गावकीचे अध्यक्षही पुढं आले. आता कमरेत वाकलेत, काठी लागते. माझ्या घरच्यांशी कुणी बोलायचं नाही असं ज्यांनी एकेकाळी सगळ्या गावाला बजावलं, तेच मला म्हणाले, "बोल रे मधू. माफ केला म्हन. जीव अडकलाय त्याचा."

मी बोललो नाही. भटजींनी वाट बघून बघून दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला आणि लोक घराकडं वळले. वाटेत माझ्या पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "दगड हाये दगड." असेन. पण तू कशात अडकला आहेस ते त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नाही. मला आहे, म्हणून हे तुला लिहितोय. समोरासमोर बोलायची सोय तू फार आधी मोडून टाकली होतीस.

सुरुवात घोडेवाल्यांपासून करतो, कारण आपली खरी दोस्ती तिथली. त्याआधी आपण नुसते शेजारी होतो. टोकावड्याच्या अलीकडं, माळशेजच्या रस्त्याला लागून आपलं गाव. तुझी ओटी आणि माझी ओटी समोरासमोर, मधे बैलगाडी जाईल एवढी वाट. माझी भाताची नि पिठाची गिरणी, तू मुरबाड डेपोत एसटीचा ड्रायव्हर. गावात केबल आली त्या वर्षी तू रंगीत टीव्ही आणलास, आळीतला पहिला. रविवारी तुझी सुट्टी, आणि रविवारी दुपारी एका इंग्रजी चॅनलवर जुन्या अमेरिकन मालिका लागायच्या. मोठ्या टोप्या, घोडे, धुळीचे रस्ते, कमरेला बंदूक. सगळं काळंपांढरं. पहिल्या रविवारी तू टीव्हीच्या पाठीवर थापा मारल्यास, होती नव्हती ती सगळी बटणं पिळलीस, आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून येताना मुरबाडचा मेकॅनिक घेऊन आलास, की नव्या टीव्हीचे रंग गेले. तो बिचारा चहा पिऊन गेला. मी आठवडाभर दळणाला येईल त्याला ही गोष्ट सांगितली आणि तू आठवडाभर माझ्याशी अबोला धरलास. तेव्हा तुझे अबोले आठवड्यात संपायचे.

मालिकांची नावं आपल्याला कधी नीट वाचता आली नाहीत. 'घोडेवाले' एवढंच नाव. "चल मध्या, घोडेवाल्यांचा टाइम झाला," असं तू ओटीवरून ओरडलास की मी गिरणीचा पट्टा उतरवून यायचो. मी मॅट्रिक नापास, तू सातवी. इंग्रजीतलं 'यस', 'नो' आणि 'वॉटर' कळायचं. बाकीचं तू सांगायचास, तेही अशा खात्रीनं की जणू तुझ्याच गाडीतून ती माणसं उतरली होती. दोन वेगळ्या मालिका आपण वर्षभर एकच समजून बघितल्या. एकीत एक लांबुळका फौजदार होता, दुसरीत गुरं हाकत मुलुखभर फिरणारी माणसं. तू त्यांचं नातंही लावून टाकलंस. गुरंवाला हा फौजदाराचा चुलतभाऊ. जमिनीच्या वाटणीवरून बिनसलंय, म्हणून तो फौजदाराच्या गावात पाय ठेवत नाही. मग एका रविवारी दोन्ही मालिका लागोपाठ लागल्या आणि मधे पाट्या आल्या तेव्हा उजेड पडला. तरी तू हटला नाहीस. "पाट्या दोन असल्या म्हनून काय झाला, भाऊ तर भाऊच ना रे?"

त्यांच्या घोडागाडीवर तुझं फार प्रेम. सहा घोड्यांची ती गाडी कड्याच्या कडेनं धावायला लागली की तुझा उजवा पाय जमिनीवर ब्रेक दाबायचा. माळशेज घाटात धुक्यात समोरची गाडी तुला इतरांच्या आधी दिसते, हे डेपोत सगळेच सांगायचे. उन्हाळ्यात मी एकदा तुझ्या गाडीनं आळेफाट्याला आलो, तेव्हा वरच्या वळणावर तू मला मान वळवून म्हणालास, "बघ, हे डोंगर आन त्यांचे डोंगर सेम. खाली फक्त घोडे सोडायचे." मागं एक म्हातारी ओरडली, "समोर बघ रे मेल्या!" आणि तू इतका हसलास की वळण संपेपर्यंत मी देवाचं नाव घेत बसलो.

आणि तो बिल्ला. फौजदाराच्या छातीवरचा तारा बघितलास की तू आपल्या खाकी शर्टावरच्या पितळी बिल्ल्याला हात लावायचास, मग तो शर्ट अंगात असो की खुंटीवर. एका भागात फौजदार वैतागून तो तारा धुळीत फेकून निघून जातो. तू ताडकन उठलास. "हा काय बरोबर नाय. बिल्ला फेकत नायत. माणसा बसलीत त्याच्या भरवशावर." मी म्हटलं, अरे, नाटक आहे. तू म्हणालास, "नाटकात पन नाय फेकायचा." मी तेव्हा हसलो होतो. आज त्या हसण्याचंही तोंड कडू झालंय.

सगळ्यात तुझी हुशारी गोळीबारात. दोघं समोरासमोर उभे राहणार, हात कमरेशी, वारा, धूळ, आणि मग दोन्ही बंदुका एकदमच वाजल्यासारख्या वाटणार. मला कधी कळलं नाही आधी कुणी काढली ते. तुला कळायचं. तू तोंडानं बोलायचा नाहीस, नुसता हात वर करायचास. डावीकडच्यानं आधी काढली तर डावा, उजवीकडच्यानं काढली तर उजवा. पुढं फौजदार नाहीतर न्यायाधीश नेमका तेच सांगायचा. त्या डोळ्यांचा मला अभिमान होता, गुरुन्या. गिरणीत मी लोकांना सांगायचो, आमच्या गुरुनाथच्या नजरेतून काही सुटत नाही.

मग तो खुर्चीचा भाग. तुला आठवत असणारच. छोटं गाव. घोड्यांना नाल ठोकणारा एक साधा माणूस एक खून होताना बघतो. खून करणारे तिघं गावातले बडे. दुसऱ्या गावाहून न्यायाधीश येतो, दारूच्या दुकानातली टेबलं सरकवून तिथंच कोर्ट भरवतात, नालवाल्याला खुर्चीवर बसवतात. ते तिघं समोर, पायावर पाय टाकून. सगळं गाव मागं गर्दी करून उभं. न्यायाधीश काहीतरी विचारतो. नालवाला कपाळाचा घाम पुसतो, तोंड उघडतो, आणि आपल्याकडची लाईट जाते.

आपण उकाड्यात बसून राहिलो. तू पंख्याकडं आणि टीव्हीकडं आळीपाळीनं बघत होतास. लाईट आली तेव्हा पडद्यावर कुणी बाई केकवर साय चोपडत होती.

त्या नालवाल्यावरून आपण किती भांडलो! तू म्हणायचास, "बोलला असनार. नायतर त्याला खुर्चीत बसवला कशाला?" मी म्हणायचो, "नाय बोलणार. त्याला त्याच गावात राहायचंय." तू चिडायचास. "तुला मानसाची किंमतच नाय. पीठ दळून दळून डोक्यात पन पीठ झालाय." तू गाडी घेऊन निघालास की खिडकीतून मान काढून ओरडायचास, "बोलला तो!" आणि मी गिरणीच्या दारातून ओरडायचो, "नाय बोलला!" गाडीतल्या लोकांना वाटायचं आपल्या भाऊबंदकीचं काहीतरी आहे. तो भाग परत कधी लागला नाही. म्हणजे, मला आजपर्यंत तसंच वाटत होतं.

आता चिंधूचं.

तोही रविवारच होता. घोडेवाले संपले होते, आपण नदीवर हातपाय धुवायला चाललो होतो. गावकीच्या अध्यक्षांची पाण्याची मोटर आदल्या दिवशी चोरीला गेली होती, आणि ठाकरवाडीतला चिंधू मधाचं पोळं घेऊन त्याच वाटेनं खाली येत होता. एवढाच त्याचा गुन्हा. आपण बांधावर पोचलो तेव्हा चार-पाच जण त्याला घेरून उभे होते. मला नुसता गोंधळ दिसला. तुला दिसलं. तू पळत सुटलास, ओरडत, "सोडा रे त्याला! मारताय काय!" तू मधे घुसलास, त्याला पाठीवर घेतलंस, रस्त्यावर आणलंस आणि येणाऱ्या टेम्पोच्या पुढं आडवा उभा राहिलास. टेम्पो तुझ्या गुडघ्यापाशी थांबला. मुरबाडच्या दवाखान्यापर्यंत चिंधूचा तुटलेला हात तू मांडीवर धरून बसला होतास. मोटर पुढं अध्यक्षांच्या मेव्हण्याच्या शेतात सापडली, ती गोष्ट वेगळी.

हे मी मुद्दाम लिहितोय. तू भित्रा नव्हतास. भित्रा असतास तर मी तुला केव्हाच माफ केलं असतं.

त्याच संध्याकाळी आपण दोघं चौकीत गेलो. मी माझा जबाब दिला, जेवढं दिसलं तेवढा. तू छाती काढून सांगितलंस, "पहिला दांडा अध्यक्षाच्या पोरानं मारला. उजव्या बाजूनं. मी पायलाय." लिहिणारा हवालदारसुद्धा मान वर करून तुझ्याकडं बघत राहिला. घरी येताना तू मला म्हणालास, "बघ मध्या, नालवाला बोलला का नाय?" मी म्हटलं, हरलो बाबा.

मग देवळात गावकी बसली. आपल्या दोघांना बोलावलं आणि जबाब मागं घ्या म्हणून सांगितलं, नाहीतर वाळीत. मी म्हटलं, बघितलं ते बघितलं. तू खाली मान घालून सतरंजीचा दोरा उपसत होतास. तुझ्या मुलीची, नंदाची, नुकतीच सुपारी फुटली होती, मुलगा आसनगावचा, रेल्वेत. लग्न तोंडावर. गावकीची भांडी, गावकीचे आचारी, गावकीचा मांडव. वाळीतल्या घरातली मुलगी आसनगाववाले करणार नाहीत, हे अध्यक्ष तुझ्याकडं न बघता म्हणाले. तू उपसलेला दोरा बोटाला गुंडाळलास. मग म्हणालास, "माझा काय म्हनना नाय." एवढंच.

बाप होणं काय असतं ते मला कळत नाही असं समजू नकोस. त्या दिवशी तू गप्प बसलास ते मी समजून घेतलं होतं. शोभालाही मीच समजावलं, की पोरीचं लग्न होऊ दे, कोर्टात उभा राहील तेव्हा बघ तू. एवढा भरवसा मी माझ्या बायकोसमोर तुझ्यावर टाकला होता.

वाळीत म्हणजे काय, तू समोरच्या ओटीवरून बघितलंस. गिरणीत दळण यायचं बंद झालं. बाया डोक्यावर पाट्या घेऊन माझ्या दारावरून टोकावड्याला दळायला जायच्या. शोभा विहिरीवर गेली की बाकीच्या बाजूला व्हायच्या, ती पाणी भरून निघाली की परत पुढं. कुणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही. नुसतं आम्ही नसल्यासारखं. आणि नंदाचं लग्न आमच्या दारासमोर झालं. जिची वेणी लहानपणापासून शोभानं घातली, तिची वरात आमच्या ओटीला घासून गेली आणि आम्ही दार लावून आत बसलो होतो. शोभा त्या दिवशी चुलीपाशी बसून म्हणाली, "एक ताट तरी पाठवील असा वाटला होता." तू पाठवलं नाहीस.

तरी मी कोर्टाची वाट बघत होतो.

मुरबाडच्या कोर्टात तू ड्युटीवरून सरळ आलास. खाकी कपडे, छातीवर बिल्ला. माझी साक्ष आधी झाली. वकिलानं मला उभा आडवा सोलला, कारण मी लांब होतो, मला पहिला फटका दिसला नव्हता. सगळं तुझ्यावर होतं. चिंधू मागच्या बाकावर वाकड्या हातावर टॉवेल टाकून बसला होता. डोक्यावर पंखा फिरत होता, कारकून उडणारे कागद दाबत होता. तुला विचारलं, तुम्ही काय पाहिलंत? तू कपाळाचा घाम पुसलास. तोंड उघडलंस. मी मनात म्हणालो, आता.

"साहेब, मी काय पायला नाय. मी तिथं नव्हतोच."

माळशेजच्या धुक्यात ज्याला समोरची गाडी दिसते, त्याला भरदुपारी अर्ध्या शेतावरचा दांडा दिसला नाही. नंदाचं लग्न होऊन गेलं होतं रे. ती सासरी नांदत होती. आता कुणासाठी? हे मी तुला कधी विचारलं नाही. मला वाटायचं तू आपण होऊन सांगशील. साक्षीदार फितूर झाला असं कोर्टानं लिहून घेतलं आणि सगळे सुटले. बाहेर वडाखाली चिंधू मला म्हणाला, "जाव दे दादा. डायवरला पन रावायचा हाय त्याच गावात." मला त्याचाही राग आला. हात त्याचा वाकडा झालेला, आणि तो तुझी बाजू मला समजावत होता. शिवाय ते वाक्य माझं होतं. घोडेवाल्यांच्या वेळी मीच ते तुझ्या तोंडावर फेकायचो आणि तू चिडायचास. तू चिडत राहायला हवं होतंस.

त्यानंतर तू खिडकीचा उद्योग सुरू केलास.

एका रविवारी बघतो तर तुझा टीव्ही जागेवरून हललेला. वाटेकडच्या खिडकीसमोरच्या भिंतीला, तोंड आमच्याकडं. आवाज मोठा. तू आत पाठमोरा बसलेला. गावकीचा नियम बोलायचा होता, टीव्ही कुठं ठेवावा ह्याचा नव्हता. मला आधी संताप आला. वाळीतल्या माणसाला खिडकीतून तुकडा टाकतोय, असं मी शोभाला म्हणालो. ती म्हणाली, "मंग नका बघू." पण मी बघितलं. उन्हामुळं काचेवर निम्मं दिसायचं नाही, घोडे आहेत की ढग तेही कळायचं नाही, तरी मी ओटीवर बसून बघितलं. गोळीबार आला की तू मागं न वळता हात वर करायचास. डावा, नाहीतर उजवा. तो हात माझ्यासाठी होता, हे मला कळत होतं. एकदा मीही हात वर केला. तुला दिसला नसणार.

खरं सांगू? त्या दिवसांत आठवडाभर कुणी माझ्याशी बोलायचं नाही आणि मी रविवारची वाट बघायचो. तुझा तो वर केलेला हात नसता तर मी गिरणी विकून कल्याणला भावाकडं निघून गेलो असतो. हे उपकार आहेत, आणि तुझे आहेत, हेच मला सोसत नाही. जो चिंधूला पाठीवर घेऊ शकला, टेम्पो अडवू शकला, खिडकीतून मला सांगू शकला की आधी कुणी काढली, तोच माणूस कठड्यात उभा राहिला तेव्हा जीभ कुठं ठेवून आला होता?

मग एका रविवारी घोडेवाले चालू होते, उन्हामुळं कुठला भाग ते मला कळत नव्हतं, आणि मधेच तू उठून टीव्ही बंद केलास. खिडकीची दोन्ही दारं ओढलीस आणि आतून कडी घातलीस. पुढच्या रविवारी खिडकी उघडली नाही. त्याच्या पुढच्याही. मी म्हटलं, अध्यक्षांचा दम आला असणार, आणि हा पुन्हा शेपूट घालून बसला. तेवढ्यावर मी तुझं नाव टाकलं.

आमचं वाळीत टाकणं कुणी उठवलं नाही. एका पावसाळ्यात टोकावड्याचा दळणवाला आजारी पडला, रस्त्यावर पाणी आलं, आणि एक बाई कुणाकडं न बघता माझ्या गिरणीत पाटी ठेवून गेली. मग दुसरी. असं ते विरघळलं. अध्यक्षांचं दळणही परत माझ्याकडं यायला लागलं. सगळं गाव बोलायला लागलं, तू सोडून. वाटेत समोर आलास की बिल्ल्यापाशी हात न्यायचास, जणू तो सरळ आहे की नाही बघतोयस, आणि पुढं जायचास. मीही थांबवलं नाही. मी का थांबवायचं? रिटायर झालास, डेपोनं नारळ दिला, ओटीवर बसायला लागलास. समोरासमोर दोन म्हातारे, मधे बैलगाडीची वाट. आणि दोन आठवड्यांमागं भल्या सकाळी वहिनीनं हाक मारली तेव्हा मी धावत आलो, तर तू गेलेला होतास. किती वर्षांनी तुझ्या घरात पाऊल टाकलं, तेही बोलायला कुणी नसताना. तुझे डोळे मी मिटले, हे तुला माहीत असावं म्हणून लिहितो.

काल तेरावा आटोपून पाहुणे गेले. आज वहिनी तांदळाचं दळण घेऊन गिरणीत आली. चक्की चालू होती, ती पिठाच्या डब्यापाशी उभी राहून काहीतरी बोलत होती, मला ऐकू येईना. मी चक्की बंद केली.

"भावजी, तुमी नदीवर का नाय बोललात ते मी इचारत नाय," ती म्हणाली. "पन एक सांगते. ती खिडकी यांनी लावली ना, त्या दिवशी तोच लागला होता. खुर्चीवाला. तुमी दोघा भांडायचात तो."

मी पीठ झटकत होतो तो थांबलो.

"मला विंग्रजी कळत नाय. पन दिसला ना. तो घामाघूम झाला, मंग बोलला. ते तिघं बसले होते त्यांच्याकडं बोट करून बोलला. एकेकाला दाखवला. मागची माणसा सगली गप. यांनी उठून टीवी बंद केला, खिडकी लावली. मी म्हटला, आवो, भावजी बघतायत ना तिथं. तर म्हनाले, 'बोलला गो तो.' त्या दिशी जेवला नाय हा माणूस. परत कधी घोडेवाले लावले नाय."

"मला का नाय सांगितलं त्यानं?" मी विचारलं.

"कुठल्या तोंडानं सांगनार?" वहिनी म्हणाली, आणि दळणाचा डबा डोक्यावर घेऊन गेली. पुढं माझ्याकडून चक्की चालू झाली नाही. दोन-तीन जण दळण घेऊन आले, त्यांना मी लाईट नाही म्हणून परत पाठवलं.

तर गुरुन्या, वाद तू जिंकलास. नालवाला बोलला. त्याच गावात राहायचं होतं तरी बोलला. तू म्हणत होतास तसंच झालं, आणि ते कळल्यावर तू खिडकी लावून घेतलीस. मी मात्र इतकी वर्षं त्या बंद खिडकीकडं बघून तुला आणखी एक भेकडपणा लावत राहिलो. तेवढा हिशेब मी आज खोडतो. बाकीचा नाही.

नदीवर मी का गप्प राहिलो तेही ऐक. सगळ्या गावासमोर उभं राहून 'माफ केलं' म्हणायचं, म्हणजे ती साक्षच की. मनात नसताना ती मी कशी देऊ? आपल्या दोघांत खोटी साक्ष एकानं दिली तेवढी पुरे झाली. कावळा शिवला नाही तर न शिवो. चिंधू त्या दिवशी पलीकडच्या काठावर एकटाच उभा होता, वाकड्या हातावर टॉवेल टाकून. तुला दिसला असेल. तुझ्या नजरेतून काही सुटत नाही. त्याच्याकडून कुणी काही बोलून घ्यायला गेलं नाही. त्यानं मात्र जाताना तुला हात जोडले. मला तेवढंही जमलं नाही.

तुझी आठवण येते. रविवारी तर फार येते. जेवून ओटीवर आलो की नजर तुझ्या खिडकीकडं जाते आणि मग मला तुझा राग येतो. मग परत आठवण येते. हे असंच चालणार बहुतेक, मी येईपर्यंत.

तू नेहमी म्हणायचास की लाईट गेली, म्हणून आपल्याला शेवट कळला नाही. पण मुरबाडच्या कोर्टात तू कठड्यात उभा होतास ना, तेव्हा लाईट होती रे. पंखा फिरत होता.